रजिस्टर आणि वर्गणीची वही

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावची माध्यमिक शाळा रयत शिक्षण संस्थेची आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी जे सांगणार आहे ते येरळा आणि माणगंगेच्या खोऱ्यातल्या कितीतरी गावांना थोड्याफार फरकानं लागू पडेल. शिवाय यात येणारी बरीच माणसं हयात आहेत, आणि विचारल्याशिवाय त्यांची नावं छापणं बरं दिसत नाही. मी 1981 साली या शाळेतून दहावी झाले, पुढं पोस्टात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात राहायला आल्यावर शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची सचिव झाले. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पहिल्या बैठकीला जमलेल्यांत हिशेब लिहिण्याची सवय आणि मोकळा वेळ या दोन्ही गोष्टी असलेली मी एकटीच होते.

संघ सुरू झाला तो हल्ली सगळीकडे होतो तसा, व्हॉट्सॲपवर. आधी एका बॅचनं ग्रुप काढला, तो बघून मागच्यापुढच्या बॅचनी काढले. वर्षभर त्यावर सकाळची फुलं आणि वाढदिवसाचे केक फिरत राहिले. मग कुणीतरी बातमी टाकली की शाळेची जुनी कौलारू इमारत उतरवणार आहेत आणि तिथं स्लॅबच्या खोल्या होणार आहेत. त्या दिवशी फुलं बंद झाली. ज्यांनी कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, ते मैलभर लांबीचे निरोप लिहायला लागले. कुणाला त्या इमारतीचं सागवान लिलावात घ्यायचं होतं, कुणाला घंटा पाहिजे होती. खोल्यांसाठी पैसे द्यायला तर सगळेच तयार झाले. पण पैसे ठेवायचे कुणाच्या खात्यावर? गावात या प्रश्नानं भल्याभल्या मंडळांची वाट लागलेली सगळ्यांनी पाहिली होती. म्हणून नोंदणी करायचं ठरलं.

नोंदणी म्हणजे 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. किमान सात जणांच्या सह्या, उद्देशांची यादी, घटनेचा मसुदा आणि साताऱ्याच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या फेऱ्या. उद्देश लिहायला सोपे असतात. गरीब विद्यार्थ्यांना मदत, गुणवंतांचा सत्कार, वृक्षारोपण, झालं. अवघड असतं ते सभासदत्वाचं कलम. सभासद कोण होऊ शकेल, हे तिथं एका ओळीत लिहावं लागतं. आमचा अख्खा पावसाळा त्या एका ओळीत गेला.

त्याच सुमाराला मुख्याध्यापकांनी सुचवलं की जुनी इमारत जायच्या आधी शाळेचा इतिहास लिहून एक स्मरणिका काढा. ते कामही सचिवाच्याच पदरात पडलं. सभासदाचं कलम आणि शाळेचा इतिहास ही दोन वेगळी कामं आहेत असं मी समजून चालले होते. पुढं ती एकमेकांत अशी गुंतली की एकाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरं सुटेना.

इतिहासाची सुरुवात मी सगळे करतात तशीच, संस्थेपासून केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीला, कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला जेवत. 1927 साली गांधीजी तिथं येऊन गेले आणि त्यांच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट तर आम्हाला दर 22 सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीला, ऐकवली जायची. 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. मोफत शिक्षण आणि राहायची सोय असलेलं. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ 101 माध्यमिक शाळा काढायचा संकल्प अण्णांनी, म्हणजे कर्मवीरांनी, सोडला. दरम्यान मुंबई सरकारशी वाजलं आणि 1948 साली संस्थेचं अनुदान काही काळ बंद झालं. तेव्हा संस्था तगली ती लोकांच्या पैशावर. जात्यावर दळताना घरच्या बाईनं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते बोर्डिंगला द्यायचं, असा मुष्टिफंड अण्णांनी आधीपासून गावोगाव रुजवला होता.

इथपर्यंतचं सगळं छापील पुस्तकांत आहे. आमच्या गावची शाळा पन्नाशीच्या दशकातली, म्हणजे त्या लाटेतलीच. त्याआधी गावात सातवीपर्यंतची शाळा होती. व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस मोठा विद्वान समजला जाई आणि त्याला मास्तरकी किंवा तलाठ्याची नोकरी मिळे. पुढं शिकायचं तर औंधला किंवा थेट साताऱ्याला जावं लागे. गावातून तसं शिकायला गेलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग आठवीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरायला लागला, नववीचा धर्मशाळेत, आणि चार-पाच वर्षांत कौलारू इमारत उभी राहिली. दगड ओढ्याकाठच्या खाणीतले. गाड्या ज्याच्या त्याच्या घरच्या. गवंडी गावचाच, त्यानं मजुरी निम्मी घेतली.

पण कौलं, सागवान आणि लोखंडी खिळे ओढ्यात मिळत नाहीत. त्यांचे पैसे कुठून आले, हे छापील पुस्तकांत नव्हतं.

माझ्या स्वतःच्या आठवणी 1975 पासूनच्या. पाचवीला मी या शाळेत आले तेव्हा 1972 च्या दुष्काळाच्या खुणा अजून पुसल्या नव्हत्या. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो या गोष्टी मोठ्या मुलांच्या बोलण्यात सारख्या यायच्या. वर्गात आम्ही सात-आठ मुली होतो, दहावीला पोचलो त्या तीन. आमचे बहुतेक शिक्षक बदलून आलेले, कुणी कोपरगावकडचे, कुणी पनवेलकडचे. ते गावातच भाड्यानं राहायचे. शनिवारच्या बाजारात सर भाजी घ्यायला आले की आम्ही गल्ली बदलायचो.

दहावीची मुलं रात्री शाळेतच झोपायची. हा रयतच्या शाळांतला जुना रिवाज. जेवण उरकून वळकटी आणि कंदील घेऊन यायचं, दहा-अकरापर्यंत वाचायचं, आणि पहाटे चारला सर काठीनं बाक वाजवत उठवायचे. मुलींना ही मुभा नव्हती. आम्ही तिघी माझ्या आत्याच्या माडीवर एकत्र अभ्यास करायचो आणि शाळेच्या खिडकीतला उजेड दिसतोय तोवर झोपायचं नाही असं आम्ही आपलं ठरवून टाकलं होतं. वाड्यावस्त्यांवरची मुलं आठवडाभर शाळेतच राहत. त्यांच्या भाकरी एस.टी.नं यायच्या. कंडक्टर डब्याची पिशवी फाट्यावर उतरवून द्यायचा, त्याचे पैसे कुणी घेत नसे. फीचं म्हणाल तर ई.बी.सी.ची सवलत होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1200 रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली आणि आमच्यासारख्या जिरायती गावांत शाळेचा पट एकदम वाढला, असं जुने शिक्षक सांगत. ई.बी.सी.चा अर्ज भरून तलाठ्याचा दाखला जोडणं ही जून महिन्यातली पहिली घरगुती कामगिरी असायची.

स्मरणिकेसाठी मी हे सगळं हौसेनं लिहून काढलं. बाकीच्यांनीही आपापलं लिहून दिलं. वाचायला बसले तर सगळ्यांचं एकसारखं. तेच कंदील, तीच काठी, तेच स्नेहसंमेलन. आणि लिहिणारेही एकसारखे: दहावी पास झालेले, बहुतेक पुरुष, बहुतेक नोकरीला लागलेले. शाळेत दरवर्षी पाचवीला येणारी पोरं आणि दहावी पास होऊन बाहेर पडणारी पोरं यांच्या संख्येतला फरक आम्ही सगळ्यांनीच वर्गात बसून पाहिला होता. ती मधली पोरं लेखांत कुठंच नव्हती.

ती मला जनरल रजिस्टरमध्ये भेटली. 2023 च्या अखेरीला राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि 1967 पूर्वीची शाळांची रजिस्टरं तपासायचा हुकूम निघाला. आमच्या शाळेचीही जुनी रजिस्टरं कपाटातून निघाली. त्यांची पानं जपून उलटायला, जीर्ण झालेली कागदी आवरणं बदलायला माणसं हवी होती. मुख्याध्यापकांनी संघाला विचारलं, आणि आम्ही दोघी-तिघी शाळेत बसू लागलो.

जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन हात पसरून धरावी लागते अशी ती वही. प्रत्येक मुलाला एक नंबर, तो पुन्हा कुणालाही मिळत नाही. मग नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याचा दिवस, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिवस, कोणत्या इयत्तेतून, आणि शाळा सोडण्याचं कारण. शेवटी शेरा. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या एका ओळीची नक्कल. त्यामुळं लिहिणारा कारकून खाडाखोड सहसा करत नाही, आणि केलीच तर शेजारी मुख्याध्यापकांची सही असते.

मी ‘कारण’ हा रकाना वाचत गेले. ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’ असतं, ‘एस.एस.सी. अनुत्तीर्ण’ असतं. 1975 सालच्या पानांवर तर गर्दीच आहे, कारण त्या एकाच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली. पण या दोन कारणांपेक्षा जास्त वेळा दिसतं ते ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. 1972-73 च्या पानांवर ते ओळीनं खाली खाली उतरत गेलेलं आहे. आणि मुलींच्या नावासमोर, वर्षानुवर्षं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. इयत्ता सातवी, आठवी, फार तर नववी. माझ्याबरोबर पाचवीला बसलेल्या चौघींच्या नावांपुढंही तेच. त्यांच्यातल्या एकीचं लग्न मला आठवत होतं, कारण मी त्यात करवली म्हणून मिरवले होते. ‘पालकांची विनंती’ ती हीच, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

रजिस्टरात मुलांच्या पुढच्या आयुष्याचा पत्ता लागत नाही, पण गावात बसून वाचलं की लागतो. ‘सतत गैरहजर’ झालेले अनेक जण मुंबईला गेले होते, मिलमध्ये किंवा मस्जिद बंदरला पाठीवर ओझी वाहायला. काही जण पुण्याला गेले. आणि काही जण गलाईत गेले. आमच्याकडं खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात सोनं-चांदी गाळण्याचा धंदा घराघरांत आहे. मामाचं किंवा चुलत्याचं दुकान कोइम्बतूरला, कोचीला, कोलकात्याला. पोरगं जरा मोठं झालं की भट्टीपाशी बसवायला घेऊन जायचे. नववीतून उठलेला मुलगा दोन वर्षांत तमिळ बोलायचा आणि सणाला गावी आला की आमच्यापेक्षा चांगले कपडे त्याच्या अंगात असायचे.

आता सभासदाच्या कलमाकडं येते. घटनेच्या मसुद्यात पहिली ओळ अशी होती की शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती सभासद होऊ शकेल. ती लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं दुसऱ्या एका संघाच्या घटनेतून ती उतरवून घेतली होती. पण बैठकीत दक्षिणेतून खास आलेले एक गलाईवाले आण्णा उठले. खोल्यांसाठी सगळ्यांत मोठा आकडा त्यांनीच बोलला होता.

“मी नववीतनं गेलोय,” ते म्हणाले. “मग मी कोण?”

“आण्णा, तुमाला आश्रयदाते करू की,” कुणीतरी म्हणालं. “तुमचं नाव कोनशिलेवर सगळ्यात वर.”

“वर नको आन खाली नको. मला देणगीदार करू नगा, इद्यार्थी म्हणून लिवा. न्हाईतर पैसं देतो, पर नाव कुठंच घालू नगा.”

बैठक तिथंच तटली. एका बाजूचं म्हणणं असं की कुठंतरी रेघ ओढावी लागते; आठ दिवस शाळेत येऊन गेलेल्यालाही माजी विद्यार्थी म्हणायचं का? दुसरी बाजू म्हणे, रेघ ओढायची तर आमच्या निम्म्या घरावरून ओढावी लागेल. थोरला सभासद आणि धाकटी बाहेर. दोन बैठका यातच गेल्या. निवृत्त शिक्षकांपैकी एक सर ऐकून घेत होते. ते शेवटी एवढंच म्हणाले की कर्मवीर अण्णा स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. पुढं 1959 साली पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली, तेव्हाही ते नापासच होते. सगळे हसले, पण प्रश्न सुटला नाही.

तो सुटायला वर्गणीच्या वहीची मदत झाली. स्मरणिकेत जुने फोटो हवेत म्हणून मी गावात घरोघर फिरत होते. एका घरी आजोबांच्या ट्रंकेत फोटोऐवजी एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही निघाली. आजोबा मुंबईत गावकीच्या खोलीचे खजिनदार होते. लालबाग-परळ-शिवडीकडं आमच्याकडच्या प्रत्येक गावाची अशी एक खोली असे. मिलच्या पाळ्या सांभाळत पंधरा-वीस माणसं तिथं आळीपाळीनं झोपायची. ट्रंका भिंतीला, जेवण खानावळीत, आणि महिन्याच्या एका रविवारी मंडळाची बैठक. त्या बैठकीत देवाच्या जत्रेची वर्गणी गोळा व्हायची, मयताला गावी न्यायचा खर्च निघायचा. या वहीत सलग काही वर्षं आणखी एक खातं होतं: ‘हायस्कूल फंड’. नाव, मिलचं नाव, खातं, रक्कम, अंगठा किंवा सही. आठ आणे, रुपया, दिवाळीच्या बोनसच्या महिन्यात पाच. सह्यांपेक्षा अंगठे जास्त. शेवटच्या पानांवर खर्च: कौलं, मंगलोरी, वाहतुकीसह, सागवानी वासे, एक घंटा.

कौलांचे पैसे कुठून आले, ते असं कळलं.

वही घेऊन मी खोलीच्या त्या काळातल्या एका तात्यांकडं गेले. आता ते गावीच असतात. आधी मिलमध्ये बदली कामगार होते आणि 1982 च्या संपानंतर परत आले. सुरुवातीला त्यांना वाटलं, मी हिशेब तपासायला आलेय.

“एक पै इकडची तिकडं न्हाई बघ,” ते म्हणाले. मग माझ्याकडून नावं वाचून घेतली, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. मी एकेक नाव वाचायची आणि ते सांगायचे, हा कोणत्या आळीचा, ह्याचा पोरगा पुढं शिकला की नाही.

“तात्या, तुमचा मुलगा होता का तेव्हा शाळेत?” मी विचारलं.

“माझं लगीनबी झालं नव्हतं.”

“मग वर्गणी का दिली?”

“सगळी देत होती. आन आक्का, खोलीत पत्र आलं तर वाचाय एकच माणूस. तो रातपाळीला गेला की पत्र सकाळपातूर तसंच पडून ऱ्हायचं. घरी काय झालंय, कोण गेलंय, काई कळायचं न्हाई. गावात शाळा झाली तर खोलीत धा माणसं वाचणारी येतील, एवढंच आमी बोलत हुतो.”

याहून मोठं कारण त्यांनी दिलं नाही. मी आणखी विचारलंही नाही.

वहीतली नावं मी एका बैठकीत वाचून दाखवली. त्यांच्यातलं एकही जनरल रजिस्टरात नाही. शाळा सुरू झाली तेव्हा ही माणसं वीस-तीस वर्षांची, गिरणीत राबणारी. तरी वर्गणी गोळा करणं, इमारतीचा खर्च उचलणं, घंटा घेऊन देणं, पुढं काही वर्षं हुशार मुलाच्या परीक्षा फीचे पैसे पाठवणं, म्हणजे आमच्या घटनेत ‘संघाचे उद्देश’ या मथळ्याखाली जे जे लिहिलं होतं, ते सगळं त्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी नोंदणी न करता केलं होतं. आमच्या शाळेचा पहिला माजी विद्यार्थी संघ शाळेत कधीच न गेलेल्या माणसांचा होता. आणि यात आमचं गाव निराळं नाही. कराडच्या कॉलेजला 1954 साली अण्णांनी गाडगे महाराजांचं नाव दिलं. ते महाराज कोणत्या शाळेत गेले होते? मुष्टिफंडाची मूठ काढून ठेवणाऱ्या बायांनी पाटी तरी पाहिली होती का?

वहीनंतर शालान्त उत्तीर्णची ओळ टिकणं शक्य नव्हतं. ती लिहिणाऱ्यानंच मागं घेतली. नवं कलम असं झालं: ज्या व्यक्तीचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंदलेले आहे, ती सभासद होऊ शकेल. किती दिवस आला, कोणत्या इयत्तेतून गेला, का गेला, काही विचारायचं नाही. रजिस्टर नंबर हाच सभासदत्वाचा आधार. धर्मादाय कार्यालयात त्यावर कुणी हरकत घेतली नाही. गलाईवाले आण्णा नंबर शोधून घ्यायला स्वतः शाळेत आले आणि तो मोबाइलमध्ये लिहून घेऊन गेले.

वहीतल्या माणसांना मात्र कोणत्याच कलमात बसवता येत नव्हतं. तात्यांना मानद सभासद करावं अशी सूचना आली. तात्याच नको म्हणाले, हारतुरे घ्यायला आता चालवत नाही म्हणाले. मग ठरलं की स्मरणिकेची सुरुवात संस्थाचालकांच्या शुभेच्छांनी करायची नाही, वर्गणीच्या वहीनं करायची. सगळी नावं, मिलच्या नावासकट आणि रकमेसकट. यावरही वाद झाला. आठ आण्यांची नोंद छापलेली बघून लोक हसतील, असं एकाचं म्हणणं होतं. त्याच्याच चुलत आजोबांचं नाव दुसऱ्या पानावर निघालं, बारा आणे. मग तो गप्प बसला. मात्र ज्या घरांनी नको म्हटलं त्यांची नावं आम्ही गाळली.

सभासदाचं कलम बदलल्याचा परिणाम आम्ही धरला होता त्याहून वेगळा झाला. मेळाव्याला माणसं वाढली, ते ठीकच. पण बायका आल्या. ‘पालकांच्या विनंतीवरून’ गेलेल्या. त्यांच्यापर्यंत बॅचचे ग्रुप कधी पोचलेच नव्हते. बॅच म्हणजे दहावीची बॅच, आणि या दहावीला नव्हत्याच. सासरची नावं वेगळी, गावं वेगळी. एक सापडली की ती दुसरीचा पत्ता सांगायची. मी करवली होते ती मैत्रीण विट्याजवळ मिळाली, नातू कडेवर घेऊन. तिनं पहिला प्रश्न विचारला तो दाखल्याचा: शाळा सोडल्याचा दाखला आता मिळतो का? सासरी गेल्यापासून तो कधी लागलाच नव्हता, आणि आता अंगणवाडीत मदतनीस असलेल्या तिच्या सुनेनं सांगितलं होतं की दाखला असला तर दहावीला बसता येतं.

तसं बसता येतंच. सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून शालान्त परीक्षा देता येते. अट पाचवी पास असल्याची आणि वयाची. त्याला मूळ दाखला जोडावा लागतो, आणि बायकांचं घोडं नेमकं तिथं अडतं. दाखला माहेरच्या शाळेत, नाव माहेरचं, आधार कार्ड सासरच्या नावाचं. नाव बदलल्याचा कागद, प्रतिज्ञापत्र, फोटो, सगळं जुळवावं लागतं. हे काम पोस्टातल्या माणसाला नवं नाही. रजिस्टर नंबर काढून देणं, दाखल्याचा अर्ज करणं, फॉर्म भरायला बसणं, हे आता संघाचं ठरलेलं काम झालं आहे. गणित शिकवायला एक निवृत्त सर रविवारी ऑनलाइन तास घेतात. शाळेच्या खोल्यांसाठी रक्कम जमा करण्यापेक्षा हे काम चिवट आहे, आणि त्याचा फोटोही येत नाही. त्यामुळं ग्रुपवर त्याची चर्चा कमी असते.

खोल्या झाल्या. जुनी इमारत उतरली. सागवानाचा लिलाव नियमानं झाला आणि घंटा नव्या व्हरांड्यात टांगली. आता शाळेची काळजी वेगळी आहे. गावातली धाकटी पोरं सकाळी पिवळ्या बसमधून वडूजकडं इंग्रजी माध्यमाच्या शाळांना जातात. उरलेल्यांच्या पटावर शिक्षकांची संख्या ठरते, आणि पट घसरला की संचमान्यतेत एक पद कमी होतं. मेळाव्यात यावर जोरात भाषणं होतात. भाषणं करणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडं पिवळ्या बसमध्ये बसतात, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कुणी बोलत नाही. संघाच्या पैशानं यावर उपाय होईल असं मला वाटत नाही. मुंबईच्या खोलीतल्या माणसांनी पैसे दिले ते स्वतःच्या पोरांसाठी नव्हे, गावासाठी. आम्ही पोरं शहरात शिकवतो आणि शाळेसाठी पैसे पाठवतो. पैसे दोन्हीकडं सारखेच दिसतात, पण त्यांना ती शाळा हवी होती आणि आम्हाला तिची आठवण हवी आहे. हे मी अहवालात लिहिलं तेव्हा कार्यकारिणीतल्या दोघांनी ते वाक्य काढायला सांगितलं. मतदान झालं, वाक्य राहिलं.

माझी मैत्रीण मार्चच्या परीक्षेत गणितात गेली, बाकीच्या विषयांत निघाली. तिच्या सुनेनं निकाल मोबाइलवर बघून मला फोन केला. मैत्रीण स्वतः दोन दिवसांनी बोलली, आणि ती निकालाबद्दल नाही, भूमितीच्या पुस्तकाबद्दल. जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला ती पुढच्या सोमवारी येणार आहे. तिच्याबरोबर तिच्या गावच्या आणखी दोघी येताहेत. त्या आमच्या शाळेच्या नाहीत. त्यांचे दाखले कडेगाव आणि आटपाडीकडच्या शाळांत आहेत. घटनेप्रमाणं त्या सभासद होऊ शकत नाहीत. फॉर्म भरून द्यायला सभासद असावं लागतं, असं मात्र आमच्या घटनेत कुठं लिहिलेलं नाही.